यंत्र थांबवायचे नाही, भाग मात्र बदलायचा

दुरुस्ती म्हटली की आधी यंत्र बंद करायचे, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याबद्दल वेगळा विचार करावा असे सहसा वाटत नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला की गिरणी थांबते. एस. टी. चे चाक बदलायचे तर उतारू खाली उतरतात. मंडणगडहून रायगड जिल्ह्यात जाताना सावित्रीची खाडी ओलांडण्यासाठी म्हाप्रळ-आंबेत पूल आहे. २०२१-२२ च्या काळात तो दुरुस्तीसाठी वाहतुकीला बंद ठेवावा लागला, तेव्हा लोकांपुढे फेरीबोट किंवा लांबचा वळसा एवढेच पर्याय उरले. पूल एकच होता, त्यामुळे त्याची दुरुस्ती म्हणजे रस्ता बंद.

पण काही यंत्रे अशी असतात की ती थांबवणे परवडतच नाही. टेलिफोनचे केंद्र, बँकेचा मध्यवर्ती संगणक, रेल्वे आरक्षणाची यंत्रणा ही त्यांपैकी काही. अनेक ठिकाणच्या माणसांची आणि यंत्रांची कामे एकाच वेळी करून देणाऱ्या अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. त्याच्या पोटातले कार्ड जळते, तबकडी बिघडते, पंखा अडकतो. भाग तर बदलायलाच हवा, पण यंत्र थांबता कामा नये. हे कसे साधले, याचा इतिहास आपण पाहणार आहोत. त्यातला मुख्य धडा संगणकापुरता मर्यादित नाही.

टेलिफोनवाल्यांची अडचण

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले ते १८८२ साली. त्या काळी दोन ग्राहकांच्या तारा जोडण्याचे काम फळ्यापुढे बसलेला माणूस करी. एकाची पाळी संपली की दुसरा येऊन बसे आणि चालू असलेली संभाषणे तशीच चालू राहत. चालत्या यंत्रणेतला एक घटक बदलण्याचा हा अगदी साधा प्रकार म्हणता येईल.

पुढे अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर यांनी माणसाशिवाय जोडणी करणारे यंत्र काढले आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ग्राहकाने तबकडी फिरवली की विजेच्या स्पंदांनी एक दांडी वर चढे, बाजूला वळे आणि नेमक्या तारेला जाऊन टेके. या अवजाराला सिलेक्टर म्हणत. भारतातही कित्येक दशके ही पद्धत चालली. अशा केंद्रात एकसारखे शेकडो सिलेक्टर ओळीने मांडलेले असत. त्यांतला एक बिघडला, तर त्याच्या वाट्याला आलेला तेवढा कॉल लागत नसे, बाकीचे गाव बोलतच राही. कर्मचारी तो एक सिलेक्टर काढून घेई आणि टेबलावर नेऊन दुरुस्त करी.

मग अडचण आली ती संगणक आल्यावर. संगणकाच्या हुकमतीखाली चालणारे केंद्र लहान जागेत मावते, जास्त सेवा देते, पण त्यात जोडणीचे सगळे निर्णय एकाच मेंदूकडे जातात. पूर्वी बुद्धी शेकडो सिलेक्टरांत वाटलेली होती. आता ती एका ठिकाणी गोळा झाली. तो मेंदू बंद पडला की सगळ्या गावाचे टेलिफोन मुके.

अमेरिकेतील बेल कंपनीच्या अभियंत्यांनी न्यू जर्सीमधील सक्कासुना येथे १९६५ साली असे पहिले मोठे केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांनी स्वतःला एक अट घालून घेतली होती. चाळीस वर्षांत मिळून केंद्र दोन तासांपेक्षा जास्त काळ बंद पडता कामा नये. म्हणजे वर्षाला सरासरी तीन मिनिटे! इतक्या वेळात साधे कार्डही शोधून होत नाही. तेव्हा त्यांनी दोन मेंदू बसवले. दोघेही तेच काम करीत आणि त्यांची उत्तरे सतत ताडून पाहिली जात. उत्तरे जुळली नाहीत की चुकणारा कोण हे तपासून त्याला बाजूला काढायचे, दुसऱ्यावर काम चालू ठेवायचे आणि सवडीने पहिल्याची दुरुस्ती करायची.

एक वर्ग, दोन शिक्षक

टेलिफोन केंद्रातली ही कल्पना सर्वसाधारण कामाच्या संगणकात आणली ती टँडेम या कंपनीने. जेम्स ट्रेबिग यांनी ती १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केली, आणि १९७६ मध्ये तिचा पहिला संगणक अमेरिकेतील एका मोठ्या बँकेत गेला. त्यात दोनपासून सोळापर्यंत प्रोसेसर बसवता येत. प्रत्येकाची स्मृती वेगळी, त्यांना जोडणारे मार्ग दोन, माहितीच्या तबकड्याही जोडीने. कोणताही एक भाग काढला तरी यंत्र चालू राहील अशीच मांडणी होती.

भागांची जोडी ठेवली की काम भागले, असे मात्र नाही. आपल्या शाळेचेच उदाहरण घेऊ. सातवीला गणित शिकवणारे गुरुजी अचानक रजेवर गेले. दुसरे शिक्षक शाळेत आहेत, वर्गावर जायलाही तयार आहेत. पण धडा कुठवर आला, कोणती उदाहरणे झाली, कोणाचे काय चुकत होते, हे त्यांना ठाऊक नसेल तर सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागेल. टाचण वही रोजच्या रोज भरलेली असेल, तर दुसरे शिक्षक तिथूनच पुढे जातील.

टँडेमची पद्धत ही टाचण वहीची पद्धत होती. एक प्रोसेसर काम करी आणि महत्त्वाच्या प्रत्येक टप्प्यावर आपण कुठवर आलो याची नोंद जोडीदाराकडे पाठवी. शिवाय दर सेकंदाला प्रत्येक प्रोसेसर इतरांना ‘मी जिवंत आहे’ असा निरोप देई. निरोप येईनासा झाला की जोडीदार शेवटच्या नोंदीपासून काम उचलून घेई.

१९८० मध्ये विल्यम फॉस्टर यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन केलेल्या स्ट्रेटस कंपनीने वेगळा मार्ग धरला. एकाच वर्गात दोन शिक्षक एकाच वेळी तेच वाक्य बोलत आहेत, अशी कल्पना करा. एक मध्येच गप्प झाला तरी मुलांना कळणारसुद्धा नाही. स्ट्रेटसच्या यंत्रात दोन कार्डे एकाच ठेक्यावर तीच कामे करीत. त्यातही प्रत्येक कार्डावर प्रोसेसर जोडीने असत. त्यांची उत्तरे जुळली नाहीत की ते कार्ड स्वतःहून बाजूला होई आणि आपला लाल दिवा लावी. यंत्र टेलिफोनवरून कंपनीच्या सेवाकेंद्राला कळवी आणि तिथून नवे कार्ड रवाना होई. आपल्या यंत्रात काही बिघडले होते, हे कधीकधी मालकाला कार्डाचे पार्सल हाती आल्यावरच कळे.

दोन्ही पद्धतींत क्रम तोच आहे. बिघाड ओळखायचा, बिघडलेल्याला वेगळे पाडायचे, काम दुसऱ्याकडे सोपवायचे, भाग बदलायचा आणि शेवटी नव्या भागाला चालू कामाच्या बरोबरीला आणायचे. ही शेवटची पायरी विसरण्यासारखी नाही. नवी तबकडी बसवली तरी ती कोरीच असते. जोडीदाराकडची सगळी माहिती तिच्यावर उतरेपर्यंत जोडी पुरी झाली असे म्हणता येत नाही.

काही वेळा तर भाग काढण्याआधी तो रिकामा करावा लागतो. सन कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या ‘एंटरप्राइझ १००००’ या सर्व्हरमध्ये सोळा मोठी कार्डे आणि चौसष्टपर्यंत प्रोसेसर बसत. त्यातले एक कार्ड चालू यंत्रातून काढता येई; पण आधी त्याच्या स्मृतीतली माहिती इतर कार्डांवर हलवावी लागे आणि त्याच्या प्रोसेसरांची कामे दुसऱ्यांना वाटून द्यावी लागत.

कार्ड खाचेत बसते तेव्हा

समजा, जोडीदार काम सांभाळतो आहे. मग बिघडलेले कार्ड नुसते उपसून नवे दाबून बसवायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती आपल्या अभ्यासक्रमातल्या विजेनेच समजते.

कार्डावर धारित्रे असतात. कोरे कार्ड खाचेत बसले की ही रिकामी धारित्रे भरू लागतात. एकूण धारकता १००० मायक्रोफॅरड आणि विभवांतर ५ व्होल्ट धरू. विद्युतप्रभार म्हणजे धारकता गुणिले विभवांतर, म्हणून तो ०.००५ कूलोम झाला. एवढा प्रभार १० मिलिसेकंदांत भरला तर सरासरी प्रवाह अर्धा अँपिअर येतो. पण तोच ०.१ मिलिसेकंदात शिरला, तर प्रवाह ५० अँपिअर! एका क्षणापुरता का होईना, शेजारच्या कार्डांचा विद्युतदाब त्यामुळे खाली येतो आणि त्यांच्या गणितात चुका होतात. बिघडलेला भाग बदलायला जावे आणि चांगले भाग बिघडावेत, अशी गत. म्हणून अशा कार्डावर सुरुवातीचा प्रवाह हळूहळू वाढू देणारा परिपथ असतो.

दुसरी गोष्ट जोडणीच्या क्रमाची. सगळ्या टोकांचा संपर्क एकाच क्षणी होईल याची खात्री हाताने बसवलेल्या कार्डाबाबत देता येत नाही. यावरचा उपाय फार सोपा आहे: टोकांची लांबी कमीजास्त ठेवायची. सगळ्यांत लांब टोक भूसंपर्काचे, त्याहून आखूड विजेचे, त्याहून आखूड माहितीच्या तारांचे. कार्ड आत जाताना आधी भूसंपर्क होतो, मग वीज मिळते, मग माहिती वाहू लागते. बाहेर काढताना क्रम आपोआप उलटा होतो. काही रचनांत सगळ्यांत आखूड टोक केवळ निरोपासाठी राखलेले असते. ते जुळले म्हणजे कार्ड पुरते बसले. ते सुटले म्हणजे कोणीतरी कार्ड काढू लागले आहे, आणि बाकीची टोके सुटण्यापूर्वी यंत्राला सावध व्हायला थोडा अवधी मिळतो.

हे वर्गात दाखवायला सर्व्हरची गरज नाही. इस्त्रीचा तीन पिनांचा प्लग भिंतीपासून काढून मुलांच्या हाती द्या आणि तिन्ही पिना सारख्या आहेत का, ते पाहायला सांगा. भूसंपर्काची पिन जाड आणि लांब दिसेल. प्लग लावताना ती सर्वांत आधी जुळते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. त्यानंतर पेन ड्राइव्हच्या नेहमीच्या चपट्या तोंडात डोकावून पाहा. चार सोनेरी पट्ट्यांपैकी कडेच्या दोन थोड्या पुढे आलेल्या असतात आणि मधल्या दोन मागे असतात. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. १९९६ साली ठरलेल्या यूएसबी या मानकात ही रचना आहे. चालू संगणकाला आपण रोज पेन ड्राइव्ह लावतो आणि काढतो. मोठ्या यंत्रांसाठी शोधलेली युक्ती अशी आपल्या खिशात येऊन बसली आहे.

दलाल स्ट्रीट आणि तालुक्याचे गाव

महाराष्ट्रात ही यंत्रे ठळकपणे आली ती मुंबईच्या शेअरबाजारांत. राष्ट्रीय शेअरबाजाराने ३ नोव्हेंबर १९९४ रोजी शेअरचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर सुरू केले. उपग्रहाच्या दुव्यांनी देशभरच्या दलालांची कार्यालये मुंबईतल्या एका संगणकाला जोडलेली होती, आणि तो संगणक स्ट्रेटसचा होता. १८७५ साली स्थापन झालेल्या मुंबई शेअरबाजाराने १४ मार्च १९९५ रोजी ‘बोल्ट’ ही आपली संगणकीय पद्धत आणली. तिच्यासाठी टँडेमची यंत्रे निवडली गेली. म्हणजे चोख टाचण ठेवणारा आणि जोडीने बोलणारा, असे दोन्ही प्रकार एकाच शहरात कामाला लागले. पूर्वी बाजाराच्या दालनात एखादा दलाल आला नाही तरी बाकीच्यांची हाकाटी चालूच राही. आता देशभरची खरेदी-विक्री एका यंत्रातून जाऊ लागली होती. टेलिफोन केंद्रांच्या बाबतीत १९६५ साली उभा राहिलेला प्रश्नच इथे नव्या रूपात आला. पुढे या यंत्रांची जागा इतरांनी घेतली.

हा प्रश्न फक्त मोठ्या शहरांचा नव्हता. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी लहान डिजिटल टेलिफोन केंद्र तयार केले. त्यातले पहिले १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले आणि पुढच्या काळात देशभरच्या ग्रामीण भागांत अशी केंद्रे पोहोचली. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उकाड्यात चालावे, ही त्याची पहिली अट होती. दुसरी वैशिष्ट्ये आपल्या विषयाची आहेत. नियंत्रण करणारी महत्त्वाची कार्डे जोडीने असत. एक बिघडले की दुसरे काम हाती घेई. दुरुस्ती म्हणजे जागेवर डाग देत बसणे नव्हे, तर बिघडलेले कार्ड बदलून ते दुरुस्ती केंद्राकडे पाठवणे. वीज गेली तर केंद्र बॅटऱ्यांवर चालत राही.

मंडणगडसारख्या तालुक्यात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तालुक्यात रेल्वेचे स्थानक नाही, रस्ते घाटाचे, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की वाट कधी मोकळी होईल ते सांगता येत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्याला निरोप द्यायचा, मुंबईतल्या चाकरमान्याला घरची बातमी कळवायची, तर टेलिफोन चालू हवा. शेअरबाजार चार तास थांबला तर पैशांचे नुकसान होते. इथे एक निरोप न पोहोचल्याने त्याहून मोठे नुकसान होऊ शकते.

फळ्यावरचा हिशेब

जोडीने नेमका किती फायदा होतो, हे वरच्या वर्गातली मुले सहज काढू शकतील. एक कार्ड सरासरी १००० दिवसांतून एकदा बिघडते आणि बदलायला एक दिवस लागतो असे धरू. मग ते बंद असण्याची शक्यता सुमारे एक हजारांश. वर्षाच्या ८७६० तासांपैकी जवळजवळ पावणेनऊ तास सेवा बंद राहील.

आता दोन कार्डे जोडीने बसवू. सेवा बंद पडायला दोन्ही एकाच वेळी बंद असायला हवीत. दोघांचे बिघाड एकमेकांवर अवलंबून नसतील तर शक्यता एक हजारांश गुणिले एक हजारांश, म्हणजे दहा लाखांत एक. वर्षाला साधारण अर्धे मिनिट!

पण कार्ड दूरवरून येणार असेल आणि बदलायला दहा दिवस लागत असतील तर? एका कार्डाची शक्यता एक शतांश झाली, जोडीची दहा हजारांत एक. वर्षाला सुमारे ५२ मिनिटे. दुरुस्तीचा वेळ दहापट वाढला, तर जोडी बंद राहण्याचा काळ शंभरपट वाढला. यावरून लक्षात येते की जोडीचे खरे सामर्थ्य दुसरे कार्ड किती लवकर पुन्हा उभे राहते यात आहे. जादा कार्ड तालुक्यालाच कपाटात ठेवणे आणि ते बदलणारा माणूस जवळ असणे, हा यंत्राच्या रचनेचाच भाग मानायला हवा. जोडीतला एक गेला तरी काम चालते, म्हणून बदलण्याची चालढकल करणारा पुढचा धोका स्वतःच वाढवत असतो.

आणखी एक सावधगिरी. जोडीतले एक कार्ड गेले की दुसरे एकटे उरते. अशा वेळी घाईत चुकीचे, म्हणजे चांगले कार्ड उपसले, तर इतकी वर्षे न थांबलेले यंत्र माणसाच्या हाताने थांबते. म्हणून बिघडलेल्या कार्डावर दिवा लागतो, खाचांना ठळक क्रमांक असतात, आणि दिवा व क्रमांक दोन्ही पडताळल्याशिवाय हात लावायचा नाही असा शहाण्यांचा रिवाज आहे.

न मोजलेले एकटे भाग

वरच्या हिशेबात आपण एक गोष्ट गृहीत धरली: दोघांचे बिघाड एकमेकांवर अवलंबून नसतील. बहुतेक वेळा फसगत होते ती इथेच.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअरबाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. टेलिफोनचे दुवे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतलेले होते, पण त्या दिवशी दोन्हींत बिघाड झाला. त्याचा परिणाम सौद्यांच्या जोखमीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेपर्यंत गेला आणि तिच्याशिवाय बाजार चालवता येईना. कागदावर जोडी होती. प्रत्यक्षात दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले आणि मंडणगड व दापोली तालुक्यांनाही त्याने झोडपले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. मनोऱ्याच्या पेटीत कार्डांची जोडी होती की नव्हती, याला त्या दिवसांत काही अर्थ उरला नाही. वीज आणणारी तार एक, डिझेल पोहोचवणारा रस्ता एक, आणि तोच झाडे पडून बंद. जोडी पेटीच्या आत होती आणि एकटेपणा बाहेर.

म्हणून चालत्या यंत्रात भाग बदलण्याच्या या इतिहासातून आपण एक प्रश्न उचलावा असे आम्हांला वाटते: ‘हा एक भाग आज काढला, तर काम चालेल का?’ हा प्रश्न प्रत्येक भागाला, एकेक करून, आधीच विचारायचा असतो. बिघाड झाल्यावर तो विचारण्यात काही हशील नाही.

विद्यार्थ्यांना एक उपक्रम देता येईल. आपल्या वाडीला पाणी, वीज, टेलिफोन, औषधे आणि एस. टी. कुठून कशी येते, याचे चित्र त्यांनी काढावे आणि जी गोष्ट एकच आहे तिच्याभोवती लाल वर्तुळ करावे. एकच पंप, एकच रोहित्र, एकच साकव, किल्ली ठेवणारा एकच माणूस. मग प्रत्येक वर्तुळाजवळ लिहावे: याला जोडीदार कोण होऊ शकेल, आणि त्याला तयार करायला किती दिवस लागतील?

आपल्या जिल्ह्यात वाडी-वाडीवर लहान शाळा आहेत आणि त्यांतल्या काहींत शिक्षक एकच आहे. तो प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की शाळेचे काय होते, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. मुलांच्या चित्रात शाळेभोवतीही लाल वर्तुळ आले तर ते खोडू नये. ते चित्र ग्रामसभेत नेऊन दाखवावे.